लॉगमध्ये शूट केलेलं फुटेज एडिट टेबलावर कसं हाताळता?

टाइमलाइन_सातारा

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात मिक्सिंगचं, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो. लग्नं, साखरपुडे, गावजत्रा, मधूनच एखाद्या संस्थेची डॉक्युमेंटरी. शूट करणारे वेगळे, ते हार्डडिस्क आणून देतात आणि पुढचं माझ्याकडे. हल्ली जो तो लॉगमध्ये (मागाहून रंग करता यावेत म्हणून फिकं, सपाट चित्र साठवणाऱ्या सेटिंगमध्ये) शूट करतोय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते लॉग पुढे कुठे जातं याची कल्पना नाही.

परवाच्या कामाचं उदाहरण देतो. सिनेमॅटिकवाल्याचा कॅमेरा सोनीचा ए७ एस३, एस-लॉग३ (सोनीचं लॉग), १० बिट (उजेडाच्या १,०२४ पायऱ्या). ट्रॅडिशनलवाल्याचा ए७ ३, तोही एस-लॉग३ मध्येच, पण हा ८ बिट (२५६ पायऱ्या). वर ड्रोन, आणि नवरदेवाच्या मित्रानं आयफोनवर ॲपल लॉगमध्ये घेतलेले शॉट्स. चारही कॅमेऱ्यांत नवरीचा शालू चार रंगांचा दिसतो. नेटवरून घेतलेला लट (रंग बदलायची तयार फाइल) टाकला की एका क्लिपवर छान बसतो, तर पुढच्याच क्लिपमध्ये नवरीच्या कपाळावरचा उजेड फुटतो. हॉलमधल्या शॉट्सना सावलीत एवढा नॉइज की मुंडावळ्यांमागचे केस वळवळताना दिसतात.

माझं मत स्पष्टच सांगतो. ८ बिट कॅमेऱ्यावर लॉग लावूच नये. आणि हॉलमध्ये प्रकाश एकसारखा असेल तर १० बिटवाल्यांनीही नेहमीच्या प्रोफाइलवर शूट करावं. पण शूट करणारे मित्र ऐकत नाहीत, ‘लॉग म्हणजे क्वालिटी’ म्हणतात. तुम्ही लोक हे कसं करता? लट वापरता की कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एका पद्धतीचे रंग गणितानं दुसरीत नेणारं टूल)? कशानंतर काय करता? माझ्याकडे विंडोज लॅपटॉप, रिझॉल्व्ह या एडिट-कलरच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आणि प्रीमियर दोन्ही आहे.

भटकंती_मोड

वाखुसा (वाचनखूण साठवली). रायगडाचं पावसाळी फुटेज लॉगमध्ये पडून आहे, जाणकारांची वाट बघतोय.

वेव्हफॉर्मवाला

चांगला धागा. मी पुण्यात कलरचं काम करतो, म्हणून जरा मुळापासून लिहितो.

सेन्सर प्रकाश सरळ मोजतो. उजेड दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. तो तसाच १० बिटमध्ये साठवला तर १,०२४ पायऱ्यांपैकी ५१२ एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपला (स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट) जातात, त्याखालच्या स्टॉपला २५६, मग १२८, आणि सावलीपर्यंत पोचता पोचता हातात काही उरत नाही. लॉगमध्ये हीच वाटणी प्रत्येक स्टॉपला साधारण सारखी होते. कोडॅकनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेऑन आणलं, त्यात फिल्मचं स्कॅनिंग १० बिट लॉगमध्येच व्हायचं. म्हणजे ही पद्धत सुरुवातीपासून १० बिट धरून आखलेली आहे.

आता धागाकर्त्यांच्या ८ बिटच्या मुद्द्याकडे येतो. एस-लॉग३ मध्ये काळा रंग १० बिटच्या मोजणीत ९५ वर असतो, १८ टक्के ग्रे ४२० वर आणि ९० टक्के पांढरा ५९८ वर. वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) ग्रे ४१ टक्क्यांवर दिसतो, पांढरा ६१ वर. त्याच्या वरची सगळी जागा हायलाइटसाठी राखलेली. हेच आकडे ८ बिटमध्ये आणा. काळा साधारण २४ वर, पांढरा १५० च्या आसपास. म्हणजे चेहरा, साडी, भिंत, फुलं, जे काही आपण बघतो ते सगळं सव्वाशे पायऱ्यांत कोंबलेलं. नेहमीच्या रेक ७०९ मध्ये (टीव्ही-स्क्रीनच्या ठरलेल्या रंगपद्धतीत) त्यालाच १६ ते २३५ एवढी जागा मिळते. मग या सव्वाशे पायऱ्या ताणून पूर्ण पडद्यावर पसरल्या की आकाशात पट्टे पडतात आणि गालावर डाग. ए७ ३ मध्ये रंगाची माहितीही ४:२:० (उजेडाच्या मानानं बरीच कमी) असते, त्यामुळे त्वचेला हात लावला की ती लगेच तुटते.

थोडक्यात, ८ बिटबद्दल तुमच्याशी सहमत. हॉलबद्दल मात्र नाही, त्यावर नंतर लिहितो.

हळदीकुंकू

वेव्हफॉर्मवाले दादा, सव्वाशे पायऱ्यांचा हिशोब आज पहिल्यांदा असा कुणी समोर मांडला. दंडवत.

जोतिबाचा_डोंगर

८ बिटवर लॉग लावूच नये, याला माझा ठाम विरोध.

मी कोल्हापूरचा. दरवर्षी चैत्र यात्रेत जोतिबाला शूट करतो, सोमवतीला जेजुरीलाही जातो. भर दुपारचं ऊन, पांढरी धोतरं, त्यात हवेत गुलाल. सासनकाठी पेलणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी झालेला असतो. नेहमीच्या प्रोफाइलवर लाल चॅनल वर जाऊन चिकटतो. मग फेट्याच्या घड्या जातात, कपाळावरच्या आठ्या जातात, उरतो नुसता गुलाबी गोळा. तीच गत जेजुरीच्या भंडाऱ्याची. पायऱ्यांवर उधळण सुरू झाली की पिवळ्यातले सगळे थर एक होतात. लॉगमध्ये तोच शॉट घेतला तर धुळीच्या लोटाआडचा माणूस दिसतो, त्याच्या भुवयांवर बसलेला भंडारा वेगळा दिसतो.

माझ्याकडेही ए७ ३ च आहे. उघड्या उन्हात एस-लॉग३ मीटरपेक्षा दीड-पावणेदोन स्टॉप उजळ ठेवतो. झेब्रा (उजेड ठरलेल्या पातळीवर गेला की स्क्रीनवर उमटणाऱ्या तिरप्या रेषा) ९४ च्या वरचा लावतो, कारण एस-लॉग३ साधारण तिथंच फुटतं, आणि झेब्रा दिसू लागला की थांबतो. मग सावल्या खालच्या तोकड्या पायऱ्यांत अडकत नाहीत, टेबलावर एक्स्पोजर खाली ओढलं की नॉइजही खाली जातो. हॉलमध्ये मी ८ बिटवर लॉग लावत नाही, तिथं टाइमलाइन दादांचं बरोबर. पण सरसकट नियम करू नका.

वेव्हफॉर्मवाला

@जोतिबाचा_डोंगर, गुलालाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एक भर घालतो. हे रंग रेक ७०९ च्या हद्दीबाहेरचे असतात. लॉगमध्ये टिकतात, पण टेबलावर परत आणताना पुन्हा तिथंच चिकटू शकतात. रिझॉल्व्हच्या कलर स्पेस ट्रान्सफॉर्ममध्ये गॅमट मॅपिंगची (रंग हद्दीत आणण्याची) सोय आहे, तिथं सॅच्युरेशन कॉम्प्रेशन निवडा. बाहेर गेलेला गुलाबी हळूहळू आत ओढला जातो आणि घड्या परत दिसतात. लग्नातल्या स्टेजच्या निळ्या एलईडीलाही हाच उपाय, नाहीतर नवरदेवाच्या शेरवानीवर निळा चट्टा राहतो.

जोतिबाचा_डोंगर

हे आजच करून बघतो. चांगभलं!

रीळवाली

मी मुंबईत मालिकांसाठी एडिट करते. आमच्याकडे सेट तोच, लाइट तेच, आणि एपिसोडची घाई. असल्या ठिकाणी लॉगचा हट्ट धरणारा डीओपी (मुख्य छायाचित्रणकार) एडिटरचा वेळ खातो, हे माझं प्रामाणिक मत. समोरच्या दृश्यात उजेड-अंधाराचा फरक फार असेल तर लॉगला अर्थ आहे. खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि आत आजी वाती वळत बसलेली, असा सीन असेल तर मीच डीओपीला लॉगमध्ये घे म्हणून सांगते. एरवी नाही.

आता टाइमलाइन यांच्या प्रश्नाकडे. लट हा ठरलेला तक्ता असतो. ज्याने तो बनवला त्याने एक ठरावीक एक्स्पोजर धरलेलं असतं. तुमची क्लिप एक स्टॉप वर असेल तर तो लट म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. कपाळ फुटतंय ते त्यामुळेच. प्रीमियरमध्ये लुमेट्रीच्या (रंगांच्या टूलच्या) बेसिक करेक्शनमधला इनपुट लट आधी लागतो आणि एक्स्पोजरचा स्लायडर त्याच्यानंतर. लटनं जे कापलं ते स्लायडर खाली ओढून परत येत नाही, नुसतं करडं होतं. म्हणून एकाच क्लिपवर दोन लुमेट्री टाका. वरच्यात फक्त एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, खालच्यात लट. एवढ्यानंच तुमची अर्धी कपाळं वाचतील.

टाइमलाइन_सातारा

रीळवाली ताई, मी आत्ताच त्याच क्लिपवर दोन लुमेट्री लावून बघितले. कपाळावरच्या कुंकवाच्या कडा परत आल्या. मनापासून आभार.

पण एक विचित्र प्रकार होतोय. ए७ एस३ च्या काही क्लिप्स प्रीमियरमध्ये टाकल्या टाकल्याच रंगीत दिसतात, लट लावायच्या आधीच. त्यावर लट लावला की काळे भाग अगदी काळेठिक्कर.

रीळवाली

प्रीमियरच्या नव्या आवृत्त्या सोनीचं लॉग स्वतःच ओळखतात आणि रेक ७०९ मध्ये आणून देतात. त्यावर पुन्हा लट म्हणजे एकच रूपांतर दोनदा. क्लिपच्या मॉडिफायमध्ये जाऊन रंगाचं सेटिंग बघा. आपोआप होणारं ठेवायचं असेल तर लट काढा, लट हवा असेल तर आपोआप होणारं बंद करा.

ठाणेकर_साऊंड

मी आवाजाचा माणूस, तरी सगळं वाचतोय. अवांतर: आमच्या भाचीच्या लग्नात फोटोग्राफरनं दुसऱ्या दिवशी उत्साहानं कच्च्या क्लिप्स फॅमिली ग्रुपवर टाकल्या. नवरीच्या आत्याचा पहिला मेसेज, ‘अगं शालू धुतला की काय कुणी?’ मग दिवसभर ग्रुपवर शालू कुठल्या दुकानातून घेतला होता याचीच चौकशी.

हळदीकुंकू

हा हा हा! आत्याबाईंना माझा साष्टांग नमस्कार.

जोतिबाचा_डोंगर

@ठाणेकर_साऊंड, हे प्रत्येक सीझनला होतं. पार्टीला (गिऱ्हाइकाला) लॉग कधीही दाखवू नये, अगदी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरसुद्धा. सोनीत गॅमा डिस्प्ले असिस्ट असतो, तो चालू केला की रेकॉर्ड लॉगमध्येच होतं पण स्क्रीनवर रंग नेहमीसारखे दिसतात. मुलीचे वडील मागून डोकावतात तेव्हा त्यांचा चेहरा पडत नाही. दुसरा फायदा म्हणजे आपल्यालाही फ्रेमिंग आणि लाइटिंग नीट कळतं.

नोड_बाय_नोड

रिझॉल्व्हचं मी सांगतो. नागपुरात डॉक्युमेंटरी आणि लग्नं, दोन्ही करतो.

पहिल्या नोडवर (नोड म्हणजे रंगकामाची एकेक पायरी) कलर स्पेस ट्रान्सफॉर्म. इनपुट एस-गॅमट३.सिने (सोनीची एक रंगांची हद्द) आणि एस-लॉग३, आउटपुट रिझॉल्व्हची स्वतःची दाविंची वाइड गॅमट आणि दाविंची इंटरमीडिएट. शेवटच्या नोडवर दुसरा ट्रान्सफॉर्म, तिथून रेक ७०९, गॅमा २.४. सगळी कामं या दोघांच्या मधल्या नोड्सवर. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, मग चेहरा, मग लूक. ट्रान्सफॉर्म हे गणित आहे आणि आतली मोजणी ३२ बिट फ्लोटमध्ये चालते. शंभराच्या वर गेलेला उजेड मधल्या नोडवर खाली आणला तर तो सगळा तपशिलासकट परत येतो. लटच्या तक्त्यातून गेलेला येत नाही.

तीन-चार कॅमेरे असतील तर यात मोठी सोय होते. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक ग्रुप करा. ग्रुप प्री-क्लिपमध्ये त्या त्या कॅमेऱ्याचा इनपुट ट्रान्सफॉर्म, आणि टाइमलाइनवर सगळ्यांचा मिळून एकच आउटपुट. मधल्या जागेत सगळे कॅमेरे एकाच भाषेत बोलायला लागतात, मग शालू जुळवणं सोपं. सगळ्यात आधी मी स्टेजवरच्या वाइड शॉटमधला शालू जुळवतो, कारण तो प्रत्येक कॅमेऱ्यात असतो.

सावधान: आउटपुटच्या नोडनंतर चेहरा उजळू नका. तिथं सगळं रेक ७०९ मध्ये बांधलेलं असतं, फार हलवलं की तुटतं.

मांडवीकाठ

@नोड_बाय_नोड, इनपुट एस-गॅमट३.सिने की एस-गॅमट३, हे कसं ओळखता? माझ्याकडे पणजीतल्या शिगमोत्सवाचं फुटेज आलंय, ज्यानं शूट केलं तो आता आखातात नोकरीला गेलाय. फोन लागत नाही.

नोड_बाय_नोड

सोनीत पीपी८ (पिक्चर प्रोफाइल ८) म्हणजे एस-लॉग३ बरोबर एस-गॅमट३.सिने, आणि पीपी९ म्हणजे एस-लॉग३ बरोबर एस-गॅमट३. दोन्हींचा गॅमा एकच, रंगाची हद्द वेगळी. चुकीचं निवडलं तर उजेड बरोबर दिसतो पण लाल-केशरी भागात गडबड होते. शिगमोत्सवात तर तेच रंग जास्त.

पण ओळखायला शूट करणाऱ्याचा फोन लागायची गरज नाही. कार्डवर प्रायव्हेट, मग एम४रूट, मग क्लिप अशी फोल्डरं असतात. प्रत्येक एमपी४ फाइलशेजारी त्याच नावानं सुरू होणारी एक छोटी एक्सएमएल फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा. गॅमा कुठला, गॅमट कुठलं, दोन्ही तिच्यात लिहिलेलं सापडेल.

मांडवीकाठ

त्यानं फक्त एमपी४ कॉपी करून दिलेत. फोल्डर नाहीच.

नोड_बाय_नोड

हेच दुखणं आहे. सगळ्यांना हात जोडून विनंती, कार्ड जसंच्या तसं कॉपी करा. आतली एकेक फाइल उचलून नव्या फोल्डरात टाकू नका. तुमच्या बाबतीत एक शॉट घेऊन दोन्ही लावून बघा, आणि व्हेक्टरस्कोपवर (रंगाची छटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर) चेहऱ्याचा रंग त्वचेच्या रेषेजवळ कशात येतो ते पाहा. माणूस गोरा असो की सावळा, ती रेषा जवळपास तीच लागते.

प्रॉक्सीपंत

विंडोजवरच्या रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीबद्दल अजून कुणी बोललं नाही. टाइमलाइन दादा, ए७ एस३ च्या १० बिट ४:२:२ क्लिप्स तुमच्याकडे उघडतात का?

टाइमलाइन_सातारा

नाही ना! फक्त आवाज येतो, चित्र ‘मीडिया ऑफलाइन’. म्हणून तर त्या क्लिप्स प्रीमियरमध्ये करतोय.

प्रॉक्सीपंत

वाटलंच. फुकट आवृत्तीत विंडोजवर ही अडचण जुनी आहे. तीन गोष्टी बघा.

एक, स्टुडिओ आवृत्ती. २९५ डॉलर एकदाच, पुढच्या अपडेटचे पैसे नाहीत. आणि नॉइज रिडक्शन फक्त तिच्यातच आहे. हॉलच्या फुटेजसाठी माझ्या मते तेवढ्यासाठीच घ्यावी.

दोन, शटर एन्कोडर हा फुकट प्रोग्राम वापरून क्लिप्स डीएनएक्सएचआरमध्ये (एडिटसाठीच्या फाइल-प्रकारात) बदलून घ्या. पण इथं बारीक लक्ष द्या. डीएनएक्सएचआर एचक्यू ८ बिट असतं. नावात एचक्यू आहे म्हणून निवडलंत तर १० बिट घेऊन आलेलं फुटेज त्याच क्षणी ८ बिट झालं, आणि वेव्हफॉर्मवाले दादांच्या सव्वाशे पायऱ्यांत तुम्ही परत जाऊन पडलात. एचक्यूएक्स निवडा. ४के २५पीला फाइल मूळच्या साधारण पाचपट होते, डिस्क मोकळी ठेवा.

तीन, यंत्र. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या ग्राफिक्सला एच२६५ मधलं ४:२:२ १० बिट सहज उलगडता येतं. एनव्हिडियात मात्र हे थेट ५० सिरीजमध्ये आलं. म्हणून कधीकधी महागड्या जुन्या ग्राफिक्स कार्डवर टाइमलाइन अडखळते आणि साध्या इंटेल लॅपटॉपवर पळते. नवीन मशीन घेणाऱ्यांनी दुकानदाराला हे नक्की विचारावं.

आणि प्रॉक्सी (मूळ क्लिप्सच्या हलक्या कॉपी) बनवत असाल तर त्या एडिटपुरत्या. कलर करताना प्रॉक्सी बंद करून मूळ क्लिप बघा, नाहीतर प्रॉक्सीतले पट्टे बघून कॅमेरामनशी भांडाल.

भटकंती_मोड

@प्रॉक्सीपंत, शेवटच्या ओळीमुळे दोन मित्रांची मैत्री वाचली, नावं सांगत नाही.

मेलबर्नकर

उशिरा आलो, पण एक गोष्ट इथं कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम शूट करतो, आणि माझा सगळा भर ग्रे कार्डावर आहे. १८ टक्क्यांचं कार्ड, प्रत्येक नवीन ठिकाणी पाच सेकंद कॅमेऱ्यासमोर धरायचं. अंगणात एकदा, मांडवात एकदा, हॉलमध्ये एकदा. सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच जागेवरून. एडिटरला वेव्हफॉर्मवर दिसतं की ए कॅमेरा ४१ वर आहे, बी ५५ वर. म्हणजे बी किती उजळ घेतलाय ते आकड्यात कळलं. डोळ्यानं जुळवत बसायचं काम निम्मं होतं.

व्हाइट बॅलन्सचंही तेच. पुष्कळ जणांना वाटतं लॉग म्हणजे रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा), व्हाइट बॅलन्स नंतर बघू. लॉगमध्ये व्हाइट बॅलन्स फुटेजमध्येच शिजलेला असतो. थोडा हलतो, पण ऑटोवर सोडलात आणि मंगलाष्टकांच्या मधेच तो बदलत गेला, तर एडिटरनं प्रत्येक कडव्याला कीफ्रेम मारायचे का?

रीळवाली

+१००० शेवटच्या परिच्छेदाला.

वेव्हफॉर्मवाला

हॉलबद्दल लिहायचं राहिलं होतं. टाइमलाइन म्हणतात हॉलमध्ये प्रकाश एकसारखा असतो. लग्नाच्या हॉलमध्ये मला तो क्वचितच एकसारखा मिळाला. स्टेजवर पार लाइट, मागे एलईडी वॉल, बाजूच्या खिडकीतून दुपारचं ऊन, आणि पाहुण्यांच्या खुर्च्या जवळपास अंधारात. इथं १० बिट लॉगचा फायदा आहे, पण आयएसओ समजून घेतला तर. ए७ एस३ ला एस-लॉग३ मध्ये दोन मूळ आयएसओ (जिथं नॉइज कमी राहतो अशा संवेदनशीलतेच्या पातळ्या) आहेत, ६४० आणि १२,८००. कॅमेरामन १२,८०० ला घाबरतो आणि ६,४०० वर शूट करतो. त्या कॅमेऱ्यात ६,४०० चा नॉइज १२,८०० पेक्षा जास्त दिसतो. तुमच्या मुंडावळ्यांमागचे वळवळणारे केस बहुतेक तिथलेच. पुढच्या वेळी त्याला थेट १२,८०० वर जायला आणि ॲपर्चर किंवा एनडीनं (उजेड कमी करणाऱ्या फिल्टरनं) उजेड आवरायला सांगा.

नॉइज रिडक्शन असेल तर ते पहिल्याच नोडवर लावा, ट्रान्सफॉर्मच्याही आधी. सावल्या एकदा ताणल्या की नॉइजही ताणला जातो, आणि तो काढताना पैठणीच्या काठावरचे मोरही धुऊन निघतात.

ड्रोनदाजी

आकाशातून माझाही प्रतिसाद. डीजेआयचं डी-लॉग आणि डी-लॉग एम हे दोन वेगळे प्रकार आहेत, एकाचा लट दुसऱ्याला लावू नका. छोट्या ड्रोनवर बहुधा डी-लॉग एम असतं. त्यासाठी कंपनीचा स्वतःचा लट मिळतो, तो वापरा, पण रीळवालींनी सांगितल्याप्रमाणे एक्स्पोजर लटच्या आधी.

आयफोनचं ॲपल लॉग २०२३ मध्ये १५ प्रोबरोबर आलं. १० बिट आहे, फुटेज चांगलं असतं, पण प्रोरेसमध्ये ४के असेल तर एका मिनिटाला ६ जीबीच्या आसपास जागा खातं. नवरदेवाच्या मित्रांनी वरात अख्खी शूट केली तर त्यांच्याकडून पेनड्राइव्ह नको, एसएसडीच मागा.

हळदीकुंकू

एक विषय काढू का? पैशांचा. लॉगमध्ये शूट केलं की पार्टीला सिनेमॅटिक पॅकेज म्हणून जास्त दर सांगितला जातो. मिक्सिंगवाल्याला मात्र जुनाच दर. कलरचे तास कोण मोजतं? मी एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओसाठी महिनोन्‌महिने असं काम केलं आणि वेगळे पैसे मागितले तर उत्तर मिळालं, ‘लट टाकायला कितीसा वेळ लागतो?’

रीळवाली

@हळदीकुंकू, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे आणि तो तू काढायलाच हवास. तोवर एवढंच: कोटेशनमध्ये एडिट आणि कलर या दोन वेगळ्या ओळी लिही. कॅमेरे किती, लॉग कोणतं, हे आधी विचारून मग आकडा टाक.

ठाणेकर_साऊंड

आणि तिसरी ओळ आवाजाची. मंगलाष्टकांवर डीजेचा साउंडचेक आलेला मीच साफ करतो.

टाइमलाइन_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉलबद्दलचं माझं मत बदललं. ८ बिटबद्दलचं बदललं नाही, पण जोतिबा आणि जेजुरीचा अपवाद मान्य.

आज शूट करणाऱ्या तिघांना बसवून बोललो. सोनीवाल्या दोघांनी पीपी८ सोडून दुसरं लॉग वापरायचं नाही. ए७ ३ वाला हॉलमध्ये लॉग लावणार नाही, बाहेर उन्हात लावला तर झेब्रा ९४ वर. कार्ड अख्खं द्यायचं. ग्रे कार्ड मी स्वतः विकत आणून देणार, कारण ‘आणतो’ म्हणाले की कुणी आणत नाही. ऑटो व्हाइट बॅलन्सवरून बराच वाद झाला, शेवटी मान्य केलं. स्टुडिओ आवृत्तीसाठी सीझनच्या पहिल्या ॲडव्हान्समधून पैसे बाजूला काढतोय.

आता एक शेवटचा अडलेला शॉट. लग्न शेतात, मांडवाला लाल-पिवळं कापड, वर कडक ऊन. कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर. नवरीचा चेहरा केशरी, भटजींचं उपरणंही केशरी. व्हाइट बॅलन्स निळ्याकडे ओढला की चेहरे सुधारतात, पण मांडवाबाहेरची ज्वारी निळसर होते. काय करू?

नोड_बाय_नोड

दोन उजेड एका फ्रेममध्ये आहेत, त्यामुळे एका नॉबनं दोन्ही सुटणार नाहीत. दोन ट्रान्सफॉर्मच्या मधला एक नोड घ्या, मांडवाच्या आतल्या भागाभोवती पॉवर विंडो (रंगबदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारा आकार) काढा, कडा चांगल्या मऊ करा, आणि व्हाइट बॅलन्स फक्त आत हलवा. बाहेरच्या ज्वारीला हात लावू नका. कॅमेरा हलत असेल तर ट्रॅक करा, मांडवाचे खांब असल्यामुळे ट्रॅक छान धरतो.

वेव्हफॉर्मवाला

याला जोडून: आतला भाग उपरणं पांढरंशुभ्र होईपर्यंत ओढू नका. वर लाल-पिवळं कापड दिसतंय आणि खाली सगळे दुधासारखे पांढरे, असं झालं तर बघणाऱ्याला खटकतं. उपरण्यात थोडी ऊब राहू द्या. चेहरा व्हेक्टरस्कोपवर त्वचेच्या रेषेच्या किंचित लाल बाजूला आला की थांबा. लाल शालू फार चढलेला दिसला तर फक्त तेवढाच क्वालिफायरनं (ठरावीक रंग निवडणाऱ्या टूलनं) धरून सॅच्युरेशन खाली आणा, आणि त्यात नवरीचे ओठ आणि कुंकू सापडणार नाही याकडे लक्ष द्या.

टाइमलाइन_सातारा

विंडो लावून बघितली. ज्वारी हिरवी राहिली, उपरण्याला हलकी पिवळट छटा आहे, चेहरे माणसांचे वाटतात. कुंकू क्वालिफायरमध्ये येत होतं, ह्यूची पट्टी अरुंद केल्यावर सुटलं. आता हीच सेटिंग पुढच्या क्लिप्सवर कॉपी करतोय, जिथं विंडो सरकेल तिथं हातानं नीट करेन.